हर्राजातील पोलीस गाडी



आमच्या शाळेतील एक सहकारी हैदराबाद शहराच्या पार दुसऱ्या टोकास राहतात. रोज सकाळी दुचाकीवर एक मूल पुढे व एक मागे बसवून ते निघतात आणि पावसाळ्यात तिघेही भिजून शाळेत पोहोचतात. नवी मोटार घेण्याइतके शिक्षकाचे वेतन नसते, हे आपणांस मी सांगावयास नको. गेल्या उन्हाळ्यात त्यांना कोणीतरी सांगितले की, पोलीस खात्याच्या जुन्या गाड्यांचा हर्राज होत असतो व त्यात एखादी बोलेरो अगदी थोडक्यात पदरात पडते. झाले! मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एक तट म्हणे, सरकारी गाडी म्हणजे वेळच्या वेळी तेलपाणी झालेली आणि मुळातच दणकट. डोळे मिटून घ्यावी. दुसरा म्हणे, दहा हातांनी हाकलेले ते खेचर. फुकट दिले तरी दारात बांधू नये. अखेर निवाडा माझ्याकडे आला. कारण काय, तर मी इतिहास शिकवतो आणि इतिहासवाल्यास जुन्या वस्तूंचे कळते!

मला इंजिनातले काही कळत नाही. परंतु कोणत्याही जुन्या वस्तूविषयी बोलण्यापूर्वी तिचे कागद पाहावेत, एवढी सवय आमच्या विषयाने लावली आहे. त्या कागदांच्या मागे लागलो आणि थेट निजामाच्या दप्तरापर्यंत जाऊन पोहोचलो.

प्रथम शब्दच पाहा. कोकणकिनाऱ्यावरील आमचे लोक लिलाव म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. हैदराबादेत हर्राज म्हणतात, आणि मराठवाड्यात त्याचाच हर्रास झाला आहे. खुद्द वस्तूला आपण ‘कंडम’ म्हणतो. हा शब्द इंग्रजी दप्तराचा. लष्करी वा सरकारी कोठारातील एखादी वस्तू निकामी ठरवून तिच्यावर तसा शेरा मारला म्हणजे ती ‘कंडेम्ड’ झाली. मराठी माणसाने त्याचे कंडम केले आणि मग मोडक्या खुर्चीपासून गावच्या पुलापर्यंत सर्वांस तो शब्द लावला. मुळात मात्र तो शिवीचा शब्द नव्हे, कारकुनी शेरा आहे. कंडम गाडी म्हणजे मोडकी गाडी असेच नव्हे. ठरलेली वर्षे व ठरलेले अंतर पुरे झाले, दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, म्हणून खात्याने जिच्यावरून हात काढून घेतला ती गाडी.

आता, पोलिसांच्या हर्राजात दोन निरनिराळ्या जातींची वाहने विकली जातात आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक, खात्याची स्वतःची कंडम वाहने. दुसरी, रस्त्यात बेवारस सापडलेली किंवा अन्य कारणांनी ठाण्यात येऊन पडलेली व कोणीही मालकी न सांगितलेली वाहने. ह्या दुसऱ्या प्रकारच्या विक्रीची जाहिरात हैदराबादेत वेळोवेळी प्रसिद्ध होते. ज्यांचा हक्क असेल त्यांनी सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, नपेक्षा वाहने जाहीर हर्राजात काढली जातील, असा तिचा मजकूर असतो. आणि तीत ज्या कायद्याचा आधार दिलेला असतो त्याचे नाव आहे ‘हैदराबाद शहर पोलीस कायदा, १३४८ फसली’.

१३४८ फसली! तरुण वाचकास तो छापखान्याचा दोष वाटावयाचा. फसल म्हणजे पीक. पिकाच्या हंगामाशी सारा वसुलीचा मेळ बसावा म्हणून मोगलांनी ही गणना चालू केली. दक्षिणेत ती शहाजहानच्या काळी आली आणि निजामाच्या राज्यात अगदी शेवटपर्यंत दप्तरी वापरात राहिली. तेथे वर्षाचा आरंभ ऑक्टोबरात, आजूर महिन्याने होई. फसली सनात ५९० मिळवावे म्हणजे इसवी सन निघतो. तेव्हा १३४८ म्हणजे १९३८-३९. हे वर्ष मराठवाड्यातील माणसास विसरता येण्याजोगे नाही. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानात सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यासाठी शिक्षण सोडले व त्यांतील अनेकांना पुढे नागपूरने जवळ केले. ज्या वर्षी ह्या मुलांची धरपकड चालली होती त्याच वर्षीच्या पोलीस कायद्याखाली आज कोणाची तरी विसरलेली स्कूटर विकली जाते. संस्थान गेले, सन गेला, नाणे गेले. कायद्याच्या नावातला फसली आकडा तेवढा राहिला.

अशा बेवारस वाहनांच्या बाबतीत आणखी एक तारीख सांगितली पाहिजे. ठाण्यांच्या आवारात वर्षानुवर्षे सडत पडणाऱ्या मोटारी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. जप्त केलेली वाहने अशी दीर्घकाळ ठेवून काही उपयोग नाही, त्यांची योग्य ती व्यवस्था लवकर लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ साली बजावले. तरीही वाहने सडतच असतात, ही गोष्ट वेगळी. माझ्या सहकाऱ्यांना मी एवढेच म्हटले की, ह्या दुसऱ्या जातीच्या वाटेस जाऊ नका. त्या गाडीला पोलिसांचा केवळ मुक्काम लाभलेला असतो. तिचा पूर्वेतिहास कोणासही ठाऊक नसतो.

खात्याच्या स्वतःच्या गाडीचा इतिहास मात्र सांगता येतो, आणि तो जीपपासून सुरू करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात विलीज व फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लक्ष जीप तयार केल्या. युद्ध संपले तेव्हा त्यांतील कितीतरी जगभर जेथल्या तेथे उरल्या. फिलिपाईन्समध्ये लोकांनी त्या लांबवून, रंगवून उतारूंच्या गाड्या केल्या. आपल्याकडे उरलेला लष्करी माल विकण्यासाठी सरकारने स्वतंत्र खातेच उघडले होते; ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग जुन्या लोकांच्या तोंडी असे तो तेव्हापासून. पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या जीप जोडावयास आरंभ केला. ह्या कंपनीचे १९४५ सालचे मूळ नाव ‘महिंद्र अँड मोहंमद’. त्यातील मोहंमद म्हणजे मलिक गुलाम मोहंमद. हे गृहस्थ युद्धकाळात निजामाचे अर्थमंत्री होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीच्या नावातून मोहंमद गेले आणि दुसरे महिंद्र आले. त्याच वर्षी, १३ ते १७ सप्टेंबर ह्या पाच दिवसांत, भारताचे सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरले. लष्कराच्या त्या कारवाईस नाव पडले ‘पोलीस ॲक्शन’. मराठवाड्यातील पुष्कळ खेड्यांनी जीप नावाची वस्तू प्रथम पाहिली ती तेव्हा, आणि सरकार म्हणजे जीप हे समीकरण तेव्हापासून जे बसले ते पुढे किती तरी वर्षे टिकले.

ह्या समीकरणाची एक घरची आठवण सांगतो. माझ्या काकांची उदगीरकडे एका खेड्यात पिठाची गिरणी होती. १९८७ च्या सुमारास त्यांनी पोलिसांची एक कंडम जीप हर्रासात घेतली. उंच बॉनेटची, निळी, पेट्रोल पिणारी. काकांनी तिला हिरवा रंग दिला, तर कोणी शहाण्याने सांगितले की सैन्याचा हिरवा रंग खाजगी गाडीस चालत नाही. ते खरेच होते. आजही मोटार नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. मग तिला पांढरा रंग दिला. परंतु हातही पातळ आणि रंगही पातळ! दुपारचे ऊन तिरपे पडले की दारावर रंगाखालून ‘लीस’ ही दोन अक्षरे वर येत.

नाताळच्या सुट्टीत आम्ही मुले तेथे जात असू. काकांच्या शेजारी एक आजी राहत. जीप गल्लीत शिरली की त्या हातातले काम टाकून आत जात व कडी लावीत. गाडी काकांची आहे, तिच्यात पिठाची पोती आहेत, हे त्यांना नीट ठाऊक होते. तरी त्या आत जातच. रझाकारांच्या वेळी त्या विशीत होत्या. मोटारीचा आवाज आला की आम्ही बायका ज्वारीत जाऊन बसत असू, एवढेच त्या एकदा माझ्या काकूंना म्हणाल्या. अधिक काही बोलल्या नाहीत. पुढल्या वर्षी त्यांच्या सुनेस रात्री अवेळी कळा सुरू झाल्या. गावात दुसरे वाहन नव्हते. त्या रात्री सुनेचे डोके मांडीवर घेऊन आजी त्याच जीपच्या मागच्या बाकावर उदगीरपर्यंत बसून गेल्या. मुलगी झाली. ह्यानंतर त्यांची भीती गेली, असे म्हणावयाचा मला मोह होतो. पण ते खरे नाही. पुढेही कडी लागतच असे. फक्त कधी कधी कडी काढून त्या काकांना विचारीत, “भाऊ, पेट्रोल हाय का गाडीत?”

काकांचा खरा छळ झाला तो कागदांपायी. गाडी ताब्यात आली, पैसे भरले गेले, परंतु नोंदपुस्तकात मालक म्हणून पोलीस खात्याचेच नाव राहिले. संबंधित कचेरीत त्यांनी सव्वा वर्ष खेटे घातले. मधल्या काळात नाक्यावर गाडी अडवली की काका म्हणत, “कागदावर ही तुमचीच आहे, घेऊन जा!” आज ह्यासाठी नियम स्पष्ट आहे. सरकारी हर्राजात घेतलेल्या वाहनाच्या मालकीबदलाचा अर्ज, नमुना ३२ मध्ये, ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करावयाचा असतो. निळा दिवा व भोंगा गाडीवर राहून गेला असेल तर तो प्रथम उतरवावा. खाजगी माणसाने तो मिरवणे बेकायदा आहे. हैदराबादेत क्रमांकपट्टीकडेही नजर टाकावी. येथे ‘पी’ अक्षराची मालिका पोलिसांकडे व ‘झेड’ची मालिका सार्वजनिक बसगाड्यांकडे असते. तो ‘झेड’ सातव्या निजामाच्या मातोश्री झहराबेगम ह्यांच्या नावावरून आला, असे येथले लोक सांगतात.

हे झाले कागदांचे. प्रत्यक्ष गाडीविषयी एका अनुभवी मिस्त्रीने मला जे सांगितले ते मला इतिहासाच्या दृष्टीनेही पटले. तो म्हणाला, “सर, पोलीस गाडीचे किलोमीटर पाहू नका, तास पाहा.” सामान्य माणसाची मोटार चालते तरी किंवा बंद तरी असते. पोलीस गाडी उभी असते आणि इंजिन चालू असते. बंदोबस्ताला उभी, चौकात उभी, साहेब आत गेले म्हणून दारात उभी. चाक फिरत नाही, म्हणून अंतराचा आकडा वाढत नाही. पण इंजिन झिजतच राहते. अमेरिकेत फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया ही पोलीस गाडी २०११ पर्यंत बनत होती आणि निवृत्तीनंतर ती टॅक्सी म्हणून किंवा सामान्य कुटुंबांची गाडी म्हणून पुष्कळ खपली. तिकडे उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे तीस-तेहेतीस मैलांची झीज, असा हिशेब धरतात. आपल्याकडे गाडीच्या काट्यावर तास उमटलेले नसले, तरी प्रत्येक सरकारी गाडीची एक नोंदवही असते. तीत कोणत्या दिवशी कोठे, किती अंतर, किती इंधन हे लिहावे लागते. अंतर थोडे आणि इंधन फार, असे जेथे दिसेल तेथे गाडी उभ्या उभ्या झिजली असे समजावे. ही वही पाहावयास मिळेल का, एवढे हर्राजापूर्वी विचारून तरी पाहावे.

आणि आता ही वाटही अरुंद होत चालली आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारच्या नव्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षे झालेल्या सरकारी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. ते नोंदणीकृत भंगारकेंद्रातच जाते. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेची चिलखती वगैरे खास वाहने तेवढी वगळली आहेत. साधी जीप, साधी व्हॅन ह्यांत येत नाही. ह्यात एक विसंगती आहे ती मला खटकते. हीच गाडी चौदाव्या वर्षी एखाद्या शिक्षकाच्या नावावर झाली असती, तर पंधरा वर्षांनंतर तिची तपासणी होऊन पुढे पाच पाच वर्षे ती कायदेशीरपणे धावू शकली असती. सरकारच्या नावावर राहिली म्हणून ती मेली. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर नसाव्यात, हे मान्यच. पण मग कसोटी धुराची असावी, नावाची का? २०१४ साली तेलंगणा राज्य झाले तेव्हा हैदराबादच्या पोलिसांना नव्या पांढऱ्या इनोव्हा मिळाल्या. त्यांना २०२९ साली पंधरा वर्षे होतील. त्याआधी ज्या हर्राजात निघतील त्या कोणाच्या तरी दारात जातील. ज्या निघणार नाहीत त्या भट्टीत.

आमचे सहकारी अखेर गेल्या महिन्यात हर्राजास गेले. मीही सोबत होतो. अकरा वर्षांची एक बोलेरो त्यांच्या मनात भरली होती. दारावरची अक्षरे खरवडलेली होती आणि मागील बाकाखाली एक मोडकी काठी तशीच राहिली होती. बोली त्यांच्या ऐपतीच्या पार पुढे गेली. गाडी घेतली ती एका व्यापाऱ्याने, सुट्या भागांसाठी. परतताना त्यांनी दुचाकी चालू केली, मला मागे बसवले आणि म्हणाले, “सर, पुढचा हर्राज दिवाळीनंतर आहे म्हणतात. त्या वहीचे तेवढे आधी विचारून ठेवू.”