चित्रपट-प्रमाणन व बालप्रेक्षक

चित्रपट-प्रमाणन व बालप्रेक्षक : सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी चित्रपट पाहून तो कोणत्या वयाच्या प्रेक्षकांस दाखविण्यायोग्य आहे, हे शासननियुक्त मंडळाने ठरवून देण्याच्या पद्धतीस चित्रपट-प्रमाणन असे म्हणतात. भारतात ही पद्धत अभ्यवेक्षणातून, म्हणजे रूढ भाषेत सेन्सॉरमधून, उदयास आली. चित्रपट दाखवू द्यावा की नाही, हा अभ्यवेक्षणाचा मूळ प्रश्न होता. तो कोणास दाखवावा, हा प्रश्न कायद्यात शिरण्यास सुमारे तीस वर्षे लागली.

सिनेमॅटोग्राफ अधिनियम १९१८ साली संमत झाला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे अभ्यवेक्षण मंडळे स्थापन झाली. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी ‘यू’ व मुख्यतः प्रौढांसाठी ‘ए’ असे दोन वर्ग १९१३ पासूनच रूढ होते. तथापि भारतातील मंडळांनी त्यांचे अनुकरण केले नाही. त्यांचे लक्ष मुलांपेक्षा राजद्रोहाकडे अधिक होते. प्रभात कंपनीच्या शिवकालीन मूकपटास स्वराज्य तोरण हे नाव सोडून उदयकाल (१९३०) हे नाव घ्यावे लागले, यावरून त्या लक्षाची दिशा कळते. मान्य झालेला चित्रपट पाच वर्षांच्या मुलासही मान्य, असाच त्या काळी प्रमाणपत्राचा अर्थ होता.

मराठवाड्याची स्थिती याहून निराळी होती. आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांचा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे लागू नव्हता. एकाच कायद्याखाली हा प्रदेश आला तो १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमानंतर. संविधानाने प्रमाणनाचा अधिकार केंद्राकडे, तर चित्रपटगृहांच्या नियमनाचा अधिकार राज्यांकडे दिला. परिणामी प्रेक्षकाचे वय मुंबईतील मंडळाने ठरवावयाचे आणि ते पाळले जाते की नाही, हे जिल्ह्यातील अधिकाऱ्यांनी पाहावयाचे, अशी विभागणी झाली. लातूर–नांदेड मार्गावरील चाकूरसारख्या गावाच्या दृष्टीने या दोन टोकांतील अंतर मोठे होते. कायम चित्रपटगृह जवळ नसले, की ग्रामीण भागात जत्रेतील तंबूचा फिरता सिनेमा येई. घरातील सर्व माणसे एकत्र येऊन जमिनीवर बसत. तेथे मुलाचे वय अठरा आहे की चौदा, हे दाराशी उभ्या असलेल्या माणसाने चेहऱ्यावरून ओळखावयाचे. जन्माचा दाखला जवळ बाळगून सिनेमास जाण्याची रीत कोठेच नव्हती.

‘यू’ आणि ‘ए’ हे दोन वर्ग भारतात १९४९ च्या दुरुस्तीने आले. १९५१ साली केंद्रीय मंडळ स्थापन झाले व त्याचे मुख्यालय मुंबईस राहिले. १९५२ च्या अधिनियमानुसार अठरा वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती म्हणजे प्रौढ होय. मात्र आईवडिलांसोबत असलेल्या तीन वर्षांखालील बालकास ‘ए’ चित्रपटास नेणे गुन्हा ठरत नाही. तान्हे मूल घरी ठेवून येणे मातेस शक्य नसते, हे व्यवहारज्ञान कायद्याने दाखविले. देवनागरी खुणांत मात्र घोटाळ्यास जागा राहिली. अनिर्बंधित चित्रपटाची खूण ‘अ’ व वयस्कांसाठीची ‘व’ असल्यामुळे रोमन ‘ए’ आणि नागरी ‘अ’ यांचे अर्थ नेमके उलट झाले.

वयोवर्गाच्या तत्त्वाची कसोटी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहर एक कहानी (१९६८) या लघुपटाच्या निमित्ताने लागली. त्यातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांमुळे मंडळाने ‘ए’ प्रमाणपत्र देऊ केले. अब्बास यांना ‘यू’ हवे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा शासनाने काटछाट न करता ‘यू’ देण्याची तयारी दर्शविली. तरीही अब्बास यांनी पूर्व-अभ्यवेक्षणासच आव्हान दिले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने १९७० मध्ये ते फेटाळले. चित्रपटाचा मनावरील, विशेषतः कोवळ्या मनावरील, परिणाम इतर कलांहून तीव्र असतो, म्हणून त्यास वेगळी वागणूक देणे व वयानुसार वर्ग पाडणे वाजवी आहे, असे न्यायालयाने मानले.

अवघे दोनच वर्ग असल्यामुळे ‘यू’ व ‘ए’ यांच्यामधील चित्रपटांची सोय होत नव्हती. १९८३ मध्ये ‘यूए’ (बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा) आणि ‘एस’ (विशिष्ट व्यावसायिकांसाठी) हे वर्ग वाढले व मंडळाच्या नावातील अभ्यवेक्षणाची जागा प्रमाणनाने घेतली. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांना हिंसेचे बळी, कर्ते किंवा जबरीने साक्षीदार दाखविणाऱ्या दृश्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ‘यू’ म्हणजे बालचित्रपट, ही समजूत मात्र चुकीची आहे. ‘यू’ केवळ अपायाचा अभाव सांगतो. मुलास त्यात गोडी वाटेल की नाही, हे सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी १९५५ मध्ये बालचित्र समिती स्थापन झाली. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

वयात येणाऱ्या मुलांचा प्रश्न सर्वांत अवघड. रवी जाधव दिग्दर्शित बालक-पालक (२०१३) हा मराठी चित्रपट त्याचे उत्तम उदाहरण होय. लातूरच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांची ही निर्मिती. चाळीतील काही मुले मोठ्यांकडून उत्तर न मिळालेल्या शंकांचे निरसन चोरून पाहिलेल्या चित्रफितींतून करू पाहतात, हा त्याचा विषय आहे. ज्या वयाच्या मुलांविषयी तो बोलतो, त्यांनीच तो पाहावा अशी त्याची रचना आहे. त्यांस दारातच अडविणारे प्रमाणपत्र येथे निरुपयोगी ठरते आणि पालकांची जबाबदारी टाळता येत नाही.

दूरचित्रवाणीने चित्रपट घरात आणल्यावर दारावरील तपासणीचा आधारही गेला. मुंबईतील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या जनहितयाचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये, ‘यू’ वा ‘यूए’ प्रमाणपत्राविना चित्रपट वाहिन्यांवर व केबलवर दाखवू नयेत, असा आदेश दिला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आंतरजालीय मंचांना सात, तेरा व सोळा वर्षे असे टप्पे घालून दिले. २०२३ च्या दुरुस्तीने तेच टप्पे चित्रपटांच्या ‘यूए’ वर्गात आणले व ‘ए’ चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविण्यास स्वतंत्र प्रमाणपत्र आवश्यक केले. त्यासंबंधीचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. ‘यूए’ मधील हे टप्पे पाळण्याची जबाबदारी चित्रपटगृहचालकावर नसून केवळ पालकांवर आहे. चालकाने अद्यापही रोखावयाचा तो ‘ए’ चित्रपटास आलेला अठरा वर्षांखालील प्रेक्षक.