आपला तो बाब्या : भिलाई, बुडापेस्ट आणि रतनपूर

गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मांडवामागे रात्री गप्पांचा फड जमतो. विषय महागाईपासून सुरू होतो आणि कधी इराक, कधी युक्रेन, कधी गाझापर्यंत जाऊन पोचतो. कोणत्या देशाने कोणावर फौज घातली, ते बरोबर की चूक, यावर प्रत्येकाचे ठाम मत असते. ते असायलाच हवे. पण परराष्ट्राच्या लष्करी कारवाईला आपण ज्या मापाने मोजतो, तेच माप आपल्या मित्राला आणि स्वतःला लावतो का? या प्रश्नाची पाळेमुळे आपल्या भिलाईच्या मातीतच आहेत. म्हणून हा थोडा इतिहास.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. पाश्चात्त्य देश सरकारी क्षेत्रातील पोलाद कारखान्याला मदत करण्यास फारसे उत्सुक नव्हते. अशा वेळी सोव्हिएत संघाने स्वस्त व्याजाने कर्ज दिले, यंत्रे दिली आणि तंत्रज्ञही पाठवले. सुरुवातीची क्षमता ठरली वर्षाला दहा लाख टन. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर-विदर्भातून आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे आली, त्यांच्या चुली पेटल्या, मुले शिकली. 'मैत्रीबाग' हे नाव आपण उगाच ठेवलेले नाही.

करार आणि उद्घाटन यांच्या मधले एक वर्ष मात्र विसरून चालणार नाही. ते म्हणजे १९५६. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. दुर्ग जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले. एका राजधानीखाली नांदणारी माणसे दोन राज्यांत विभागली गेली. नेमक्या त्याच दिवशी दूर हंगेरीत पंतप्रधान इम्रे नॉज यांनी आपला देश वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. तीनच दिवसांनी, ४ नोव्हेंबरच्या पहाटे, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. सुमारे अडीच हजार हंगेरियन माणसे मेली, दोन लाखांच्या आसपास लोक देश सोडून गेले. १९५८ च्या जूनमध्ये नॉज यांना फाशी देण्यात आले.

त्याच आठवड्यात इजिप्तवरही हल्ला झाला होता. सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्याचा राग धरून ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इस्रायलशी संगनमत केले व बाँबफेक सुरू केली. भारत सरकारने या आक्रमणाचा तत्काळ आणि खणखणीत शब्दांत निषेध केला. ते योग्यच होते. हंगेरीबाबत मात्र शब्द जड झाले. ४ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत फौजा मागे घ्या असे सांगणारा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. ९ नोव्हेंबरच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घेण्याची मागणी होती. त्याच्या विरोधात कृष्ण मेनन यांनी मत दिले.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. १४ नोव्हेंबरला नेहरूंनी ब्रह्मदेश, श्रीलंका व इंडोनेशियाच्या पंतप्रधानांबरोबर जे संयुक्त निवेदन काढले, त्यात हंगेरीतून सोव्हिएत फौजा काढून घेण्याची मागणी होती. सरकारला मार्ग काढायचे असतात, काश्मीरचा प्रश्न असतो, कारखाना उभा राहायचा असतो. हे सारे मान्य. पण पहिल्या दहा दिवसांत जगाला दिसले ते हेच, की एका आक्रमणाला आपण आक्रमण म्हणालो आणि दुसऱ्याच्या वेळी चाचपडलो. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण परराष्ट्र धोरणालाही लागू पडते.

नागरिकांवर मात्र सरकारसारखी बंधने नसतात. जयप्रकाश नारायण यांनी हंगेरीच्या प्रश्नावर नेहरूंवर उघड टीका केली. जयप्रकाश काही ब्रिटन-फ्रान्सचे वकील नव्हते. इकडे लंडनमध्ये, बुडापेस्टमध्ये रणगाडे शिरले त्याच ४ नोव्हेंबरला, हजारो ब्रिटिश नागरिक ट्रॅफल्गार चौकात आपल्याच सरकारच्या सुएझ मोहिमेविरुद्ध जमले होते. आणि हंगेरीनंतर ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या हजारो सभासदांनी पक्ष सोडला. वर्षानुवर्षांची मैत्री, सभा, वर्तमानपत्र, सारे सोडले. सुसंगत राहण्याची किंमत द्यावी लागते, ती अशी.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये हाच प्रसंग चेकोस्लोव्हाकियाच्या रूपाने पुन्हा आला. सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला. मुंबईच्या समाजवादी चळवळीत वाढलेले अशोक मेहता तेव्हा केंद्रात मंत्री होते. सरकारची भूमिका पटली नाही म्हणून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

आता आपल्याकडे बोट वळवू. १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, त्याला सात मते मिळाली. तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. म्हणजे आपल्याला भट्टी देणाऱ्यानेच आपल्याला वाचवले. ज्या देशांनी आपल्याला उपदेश केला, त्यांपैकी काही स्वतः वसाहती बाळगून होते आणि पोर्तुगाल त्यांच्या लष्करी गटाचा सभासद होता. त्यांचे ढोंग उघड होते. पण ढोंगी माणसाने विचारला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. बळाचा वापर का केला, याचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे. ते आहेही. चारशे एक्कावन्न वर्षांची परकी सत्ता, वाटाघाटीस पोर्तुगालचा सततचा नकार, १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेला गोळीबार, नानासाहेब गोऱ्यांसारख्यांनी भोगलेला तुरुंग. आपले म्हणणे खरे असेल, तर ते नावे बदलूनही खरे ठरले पाहिजे. वसाहत मोडायला बळ वापरणे क्षम्य, हे तत्त्व मांडले की वसाहत राखायला बळ वापरणारा आपला मित्र असला तरी सुटत नाही.

आणखी जवळ या. आपण मराठी माणसे १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले याबद्दल हळहळतो. राजवाड्यातील जडजवाहिराचा लिलाव झाला, राणी बांकाबाईंचा अपमान झाला, हे सांगताना आवाज चढतो. रास्त आहे. पण हे छत्तीसगड भोसल्यांकडे आले कसे? १७४१ साली रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरवर स्वारी केली. तिथे हैहयवंशीयांचे अनेक शतकांचे राज्य होते आणि गादीवर वृद्ध रघुनाथसिंह होता. त्याने शरणागती पत्करली. पुढच्याच वर्षी हीच फौज बंगालात उतरली. तिथल्या गावांनी जे भोगले ते गंगाराम या कवीने 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात लिहून ठेवले आहे. 'बर्गी' या शब्दाने बंगाली आया पुढे पिढ्यान्पिढ्या लेकरांना भीती घालत. त्या शब्दामागे आपलेच बारगीर होते. १७५१ च्या तहात बंगालने वर्षाला बारा लाख चौथ देण्याचे कबूल केले.

बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात रामटेकरीचे मंदिर बांधले, तिथे आपण भक्तिभावाने जातो. त्यांच्या कारकिर्दीचे गुण जरूर सांगावेत. पण रघुनाथसिंहाच्या बाजूने एकदा तरी तो इतिहास वाचावा. शिवरायांचा वारसा सांगणाऱ्यांनी तर अधिकच. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये ही ज्यांची शिकवण, त्यांच्या नावाने बंगालच्या लुटीचे समर्थन करता येत नाही.

यातून काही जण भलताच निष्कर्ष काढतात. "आपणही केले, मग दुसऱ्याला कशाला बोलायचे?" ही पळवाट आहे. आपली चूक कबूल करण्याचा अर्थ दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालणे असा नव्हे. सगळ्यांनीच गप्प बसायचे ठरवले, तर रणगाड्याखाली सापडलेल्याने कोणाकडे पाहायचे? २००३ च्या एप्रिलमध्ये इराकवरील हल्ल्याविरुद्ध लोकसभेने एकमताने ठराव केला, तो योग्यच होता. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या ठरावावर आमसभेत भारत तटस्थ राहिला. सरकारची कारणे सरकारपाशी. पण बगदादसाठी हळहळलेल्या नागरिकाला कीव्हसाठी हळहळायला कोणी मनाई केली नव्हती. आणि कीव्हसाठी हळहळणाऱ्याने बगदाद विसरण्याचेही कारण नव्हते.

खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपली शिकवण. भिलाईकरांनी सोव्हिएत मदतीचे ऋण मानावे आणि मानतोच. पण द्यूतसभेत भीष्म मिठाला जागून गप्प राहिले, तेव्हा धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण, उठून म्हणाला की हे चालले आहे तो अन्याय आहे. पुढे युद्धात तो कौरवांच्याच बाजूने लढला व मेला. त्याने घर सोडले नाही आणि सत्यही सोडले नाही. मित्राशी मैत्री राखून त्याला चूक सांगता येते, हे विकर्णाने दाखवले.

तेव्हा पुढच्या वेळी मांडवामागे चर्चा रंगेल, तेव्हा एक साधी परीक्षा करून पाहू. हल्ला करणाऱ्या देशाचे नाव झाकायचे, आणि उरलेली हकिगत ऐकून मत द्यायचे. मग नाव उघडायचे. मत बदलावेसे वाटले, तर दोष कुठे आहे ते आपले आपल्याला कळेल. बुद्धिदात्या गजाननाकडे यंदा एवढेच मागू या, की आमच्या हातातल्या तराजूची दोन्ही पारडी सारखी राहोत.

गणपती बाप्पा मोरया!