आफ्रिकेतील तूर

आफ्रिकेतील तूर म्हणजे मोझांबिक, टांझानिया, मलावी, केनिया आदी देशांतील लहान शेतकरी बहुधा मक्यात आंतरपीक म्हणून घेत असलेली तूर होय. हे पीक मूळचे भारतातील मानले जाते. मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही. भारताने दार लावले, तर तेथील मालाला दुसरे मोठे गिऱ्हाईक उरत नाही.

जुलै २०१६ मध्ये उभय देशांत करार होऊन मोझांबिकची निर्यात १ लाख टनांवरून ५ वर्षांत २ लाख टनांवर नेण्याचे ठरले. परंतु २०१६-१७ मध्ये भारतात तुरीचे विक्रमी उत्पादन झाले, दर हमीभावाच्या (५,०५० रुपये क्विंटल) खाली गेले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर मर्यादा आली. करारातील माल वगळूनही मोझांबिकमधील दर कोसळले. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. त्याच वर्षी मलावीशी वार्षिक ५०,००० टनांचा करार झाला.

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार (तालुका मंगरूळपीर) परिसरात सोयाबीनमध्ये तूर घेतात. ती साधारणतः जानेवारीत बाजारात येते. आफ्रिकेचा माल त्यापूर्वीच, ऑगस्टनंतर, भारतीय बंदरांत उतरू लागतो. येथे दर पडला की बोल आफ्रिकेला लावला जातो. वस्तुतः दोन्हीकडचे शेतकरी दिल्लीच्या एकाच अधिसूचनेवर अवलंबून आहेत. भारतीय व्यापारी हा माल ‘गजरी’, ‘अरुषा’, ‘मटवारा’ अशा नावांनी ओळखतात. पैकी अरुषा व मटवारा ही टांझानियातील स्थाने आहेत.