नाक कुणी बसवलं?

कापलेलं नाक परत बसवायची विद्या सुश्रुताची, हे शाळेपासून कानावर आदळतं. खोटं नाही ते. पण सुश्रुतसंहितेत कातडं घ्यायला सांगितलंय गालाचं. कपाळाचं कातडं खाली वळवायची रीत इंग्रजांनी उचलली ती पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याकडून.

कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकायचा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात गेला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकाने त्याला नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढं कातडं सोडवलं. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी मात्र कापली नाही. सगळी अक्कल तिथंच आहे! त्या पट्टीतून रक्त चालू राहतं म्हणून कातडं मरत नाही. मग ते अर्धा पीळ देऊन खाली आणलं, नाकाच्या खुंटाभोवती चिरा पाडून त्यात कडा बसवल्या. टाका नाही. भिजवलेला काथ लावलेल्या चिंध्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपातलं फडकं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी तोडली. आजचे सर्जनही कपाळाचं कातडं वळवतात तेव्हा अशीच पट्टी राखतात आणि साधारण तीन आठवड्यांनी तोडतात.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनात तसंच नाक केलं, १८१६ ला पुस्तक काढलं. कार्प्यूचं नाव राहिलं. शस्त्रक्रिया बघणारे क्रूसो आणि फिंडले, त्यांचीही नावं छापली. कावसजीचं तर चित्रही आहे. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याची फक्त जात छापली.

आता लगेच ‘तो आपलाच’ म्हणून नाचू नका. वीटकरी म्हंजे बहुधा कुंभार, आपल्या वस्तीतला नव्हे. पण लिहिणाऱ्याचं नाव राहतं नि करणाऱ्याची जात राहते, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. मनुस्मृतीत शूद्राची जीभ छाटा, ज्या अवयवाने वरच्याला मारलं तो तोडा, अशी कलमं आहेत. त्या पोथीवर मनूचं नाव ठसठशीत. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी ती महाडला जाळली, ते महाड आणि आपलं कर्जत-खालापूर तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होतं.

आणि तो काथ! खैराची लाकडं शिजवून काथ काढणारे म्हणून कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्याने खैरावर सरकारचा हात पडला, धंदा बसला. कर्जत-खालापूरचे कातकरी आज उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. १९७६ ला वेठबिगारी कायद्याने बंद झाली, तरी उचल फेडण्यात हंगाम जातो. वाडीवरच्या म्हाताऱ्यांना विचारा, आजा-पणजा खैर कसा शिजवायचे, कुठल्या रानात. वहीत उतरवून घ्या, आणि सांगणाऱ्याचं नाव आधी लिहा.