हरळी की थाईम? एका हिरव्या गालिच्याची गोष्ट

बागेत थोडी मोकळी जागा आहे. तिथे काय लावावं? पायाखाली मऊ लागेल असं गवत, की चुरडल्यावर घमघमाट सुटेल अशी एखादी स्वयंपाकातली वनस्पती? प्रश्न वरवर नर्सरीवाल्याला विचारायचा वाटतो. पण मंडळी, या प्रश्नाला साडेसातशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक ख्रिस्ती साधू आहे, एक इंग्रज मुत्सद्दी आहे, कापडगिरणी आहे आणि महायुद्धसुद्धा आहे. या वीकेंडला तोच विषय घेऊ.

आधी दोन्ही उमेदवारांची ओळख करून घेऊ.

थाईम हे भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचं बुटकं झुडूप. आपण त्याला सुपरमार्केटच्या बाटलीत पाहतो, पण त्याचा वास आपल्या नाकाला अजिबात परका नाही. थाईमचा आणि आपल्या ओव्याचा वास मुख्यतः एकाच रसायनाचा आहे, थायमॉल. गंमत म्हणजे हे रसायन नाव लावतं थाईमचं, पण पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीतले कारखाने ते बनवायचे भारतातून आलेल्या ओव्यापासून. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि जर्मनीहून येणारा थायमॉल इतरांना मिळेनासा झाला. (कच्चा माल आपला, कारखाना त्यांचा. ही गोष्ट कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते ना?)

दुसरा उमेदवार म्हणजे हरळी. हो, तीच, जिच्या कोवळ्या तुऱ्यांना आपण दूर्वा म्हणतो आणि एकवीसची जुडी करून गणपतीला वाहतो. देवघरात तिला मान आहे, शेतात मात्र तिच्याइतकी शिव्या खाणारी वनस्पती नसेल. नांगरून झाल्यावर हरळीच्या काश्या वेचून बांधावर टाकाव्या लागतात. एक तुकडा जरी मातीत राहिला तरी पुढच्या पावसात पुन्हा हजर. हीच हरळी अमेरिकेत 'बर्म्युडा ग्रास' म्हणून ओळखली जाते. बर्म्युडा बेट हे काही तिचं मूळ गाव नव्हे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. अमेरिकन कृषी खात्याच्या ग्लेन बर्टन यांनी जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी तिचा आफ्रिकेतल्या एका भावंडाशी संकर करून लॉनसाठी खास जाती तयार केल्या. त्यातली १९६० ची 'टिफवे' जात गोल्फ कोर्सेसवर आणि स्टेडियम्सवर जगभर पोचली. म्हणजे टीव्हीवर जे गुळगुळीत हिरवं मैदान बघून आपण 'काय मेंटेन केलंय!' म्हणतो, ते पुष्कळदा आपल्या बांधावरच्या हरळीचं जवळचं नातलग असतं.

आता इतिहास.

साधारण १२६० च्या सुमारास आल्बर्टस मॅग्नस नावाच्या एका विद्वान डॉमिनिकन साधूने वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यात केवळ आनंदासाठी बाग कशी करावी याची चक्क रेसिपी आहे. जमीन खणा, सगळी मुळं काढा, जुनं बी मरावं म्हणून वर उकळतं पाणी ओता, मग गवताचे थर आणून अंथरा आणि लाकडी मोगरीने बडवा. थोड्या दिवसांनी गवताची बारीक पाती वर येतील आणि हिरव्या कापडासारखं दिसेल. पण मुद्दा पुढेच आहे. या गवताच्या चौकोनाभोवती त्याला सुवासिक वनस्पती हव्यात: सेज, सताप, बेसिल. (बेसिल म्हणजे आपला सब्जा.) गवत डोळ्यांसाठी, पाला नाकासाठी. दोघांत भांडण नाहीच.

१६२५ मध्ये फ्रान्सिस बेकनने बागेवर निबंध लिहिला. हा माणूस इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर राहिलेला, त्यामुळे त्याची स्वप्नातली बाग तीस एकरांची आहे! त्यातले चार एकर नुसतं बारीक कापलेलं गवत. पण पायवाटांवर मात्र त्याला रानथाईम, पाणपुदिना वगैरे लावायचे आहेत, कारण त्यांचा खरा वास तुडवल्यावरच सुटतो. चालणं हासुद्धा वास घेण्याचाच एक प्रकार, अशी ही कल्पना.

मग पुढे गवत जिंकलं कसं? तर आधी ते महाग होतं म्हणून! हे वाक्य विचित्र वाटेल, पण बघा. यंत्र नव्हतं तेव्हा लॉन कापायला पहाटे दव असताना विळे घेऊन कसबी माणसं लागायची, किंवा मेंढ्या सोडाव्या लागायच्या. म्हणजे एवढी जमीन धान्याखाली न आणता नुसती हिरवी ठेवणं हाच श्रीमंतीचा पुरावा. व्हर्सायच्या राजवाड्यासमोर गवताचा लांबलचक 'हिरवा गालिचा' अंथरला गेला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'केपेबिलिटी' ब्राऊन या बागकाराने सरदारांच्या वाड्यांभोवतीच्या जुन्या आखीव बागा मोडून गवत थेट दारापर्यंत आणलं. भाजीपाला आणि औषधी वाफे भिंतीआड, स्वयंपाकघराच्या बाजूला गेले. थाईमचा दर्जा घसरला तो इथे. तो आता 'उपयोगाचा' झाला, आणि उपयोगाची वस्तू दर्शनी भागात ठेवायची नसते. (आपणही दिवाणखान्यात पाटा-वरवंटा ठेवत नाहीच की.)

यानंतर आला एडविन बडिंग. इंग्लंडमध्ये स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तिथे कापडावरची लव एकसारखी कापायला गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र असे. बडिंगच्या डोक्यात आलं की लव कापता येते तर गवत का नाही? १८३० मध्ये त्याने लॉनमोवरचं पेटंट घेतलं. साधूने गवताला हिरव्या कापडासारखं म्हटलं होतं, आणि सहाशे वर्षांनी ते कापडाच्याच यंत्राने कापलं जाऊ लागलं! मला तर हा इतिहासातला सर्वात सुंदर 'कोड रीयूज' वाटतो.

इथे थोडं विज्ञान. मोवर गवतालाच का मानवतो? कारण गवताचं पातं बुडाशी वाढतं. शेंडा कापला तरी वाढीची जागा शाबूत राहते. थाईमची वाढ शेंड्यांकडून होते आणि त्याची जुनी काडी लाकडासारखी होते. तिथवर कापलं तर नवी पालवी नीट फुटत नाही. म्हणजे यंत्र आलं आणि स्पर्धेचे नियमच गवताच्या बाजूने लिहिले गेले.

उरलीसुरली कसर अमेरिकेने भरून काढली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची एकसारख्या घरांची प्रचंड वसाहत उभी राहिली. तिथे लॉन वेळच्या वेळी कापणं ही घर घेण्याची अटच होती. त्याच सुमारास 'टू-फोर-डी' हे तणनाशक बाजारात आलं. त्याचं मूळ संशोधन महायुद्धाच्या काळात गुप्तपणे झालेलं. हे औषध रुंद पानांच्या वनस्पती मारतं, गवत सोडून देतं. तोवर अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं. फवारणीत क्लोव्हर मरायला लागलं. मग काय, क्लोव्हरलाच 'तण' म्हणायला सुरुवात झाली! रुंद पानांच्या यादीत थाईमही आलाच. म्हणजे तण कोण हे आता औषधाच्या बाटलीवरून ठरू लागलं.

याची किंमत? २००५ मध्ये क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या माहितीवरून अंदाज काढला की अमेरिकेत लॉनखाली सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर जमीन आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र, आणि त्यातून खायला काही नाही. शेवटी २०२१ मध्ये नेवाडा राज्याने कायदा केला: लास व्हेगस परिसरात रस्त्याच्या दुभाजकांवर, ऑफिसांसमोर नुसत्या शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२७ च्या सुरुवातीपासून द्यायचं नाही.

थाईमवाले या काळात अगदीच संपले नव्हते. इंग्लंडमध्ये सिसिंगहर्स्ट इथे लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिने आपल्या बागेत जमिनीलगत पसरणाऱ्या थाईमचं लॉन केलं, फुलल्यावर गालिच्यासारखं दिसणारं. पण त्यावर क्रिकेट खेळता येत नाही, तण हाताने उपटावं लागतं आणि फुलांच्या दिवसांत अनवाणी चाललात तर मधमाश्या हिशोब चुकता करतात.

बरं, मग आपण काय लावावं? पुण्या-मुंबईत थाईमचं लॉन ही कल्पना डोक्यातून काढून टाका. आपल्या जुलैत त्याची मुळं कुजतात. पाणी चटकन निथळणाऱ्या कुंडीत, पावसापासून आडोशाला ठेवलात तर टिकेल. त्यापेक्षा पानओवा लावा. वास त्याच घराण्यातला, काडी खोचली तरी जगतो, शिवाय पावसाळ्यात भजी होतात. (हा मुद्दा निर्णायक समजावा.)

आणि गवत? हरळीला आपल्या हवेची सवय आहे. उन्हाळ्यात पाणी नसेल तर ती पिवळी पडते, मुळांत जीव धरून बसते आणि पहिल्या वळवाने हिरवी होते. हा तिचा रोग नव्हे, शहाणपणा आहे. अडचण आपली आहे. ज्या देशात बारमाही रिमझिम असते तिथली हिरवाई आपल्याला मे महिन्यात हवी असते. त्यासाठी सोसायटीच्या गेटमधून टँकर आत येतो, आणि तो कुठल्या तरी गावच्या विहिरीतून किंवा बोअरमधून भरलेला असतो. तिकडे कुणाच्या तरी बांधावरची हरळी मात्र पिवळी होऊन निवांत पावसाची वाट बघत असते.

पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये लॉनचा विषय निघाला, तर गवत कुठलं हे नंतर विचारा. ते मे महिन्यात पिवळं पडलेलं आपल्याला चालेल का, हे आधी विचारा. बजेटचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.