ध्वनिमुद्रिकांची दुकाने आणि नामनिर्देशाचा प्रश्न

ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचा व्यवसाय महाराष्ट्रात मोडकळीस आला, ही घटना सामान्यतः यंत्रातील बदलाचा परिणाम म्हणून सांगितली जाते. तबकडीमागून कॅसेट, कॅसेटमागून सीडी आणि अखेर सीडीचाही लोप, असा हा क्रम होय. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. दुकान हे गाणे आणि त्याच्या कर्त्यांची नावे एकत्र राखणारे स्थानही होते, ही बाजू त्यात दुर्लक्षित राहते.

नावाचे महत्त्व या व्यवसायात आरंभापासून आढळते. 1902 साली गायसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कामगारांस गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारण्याचा प्रघात पडला. पुढे ते काम तबकडीवरील छापील चकतीने केले. गिऱ्हाईक दुकानात जाऊन नाव घेऊनच तबकडी मागू लागले.

मुंबईत काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस'मध्ये विकत घेण्यापूर्वी ऐकण्यासाठी स्वतंत्र कक्ष असत. पुण्यात सुरेश अलूरकरांच्या 'अलूरकर म्युझिक हाउस'ने याहून पुढचे पाऊल टाकले. विक्रेताच प्रकाशक झाला आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्या गायकांच्या कॅसेटी त्याने काढल्या. जाणकार विक्रेता हा श्रोत्याचा मार्गदर्शक आणि कलावंताचा आधार, असा दुहेरी संबंध येथे दिसतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी स्थिती वेगळी होती. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) शहराचे सावेडी हे मनमाड रस्त्याच्या बाजूचे उपनगर. तेथील चोखंदळ श्रोत्यास पुण्याच्या दुकानांत जावयाचे, तर सुमारे 120 किलोमीटरांचा प्रवास होता. अशा गावांतून 1980 नंतर कॅसेटने मोठे स्थित्यंतर घडविले. कॅसेट काढण्यास भांडवल थोडे लागे. त्यामुळे लोकगीते, भक्तिगीते आणि भीमगीते गाणारी मंडळी बाजारात आली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेडोपाडी पोहोचला तो मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने. मात्र गिऱ्हाइकाच्या पसंतीची गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून देण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. कॅसेटसोबतच्या कागदावर दुकानदार गाण्यांची यादी हाताने लिही. तीत सिनेमाचे नाव राही, पण गीतकार आणि वादक गळून पडत. नावाची झीज दुकानातच सुरू झाली होती, हे मान्य केले पाहिजे.

मोबाइलच्या मेमरी कार्डात शेकडो गाणी थोडक्या पैशांत भरून मिळू लागली, तेव्हा ती यादीही उरली नाही. 'ऱ्हिदम हाउस' 29 फेब्रुवारी 2016 रोजी बंद झाले. यानंतरच्या श्रोत्यास संगीताचा तुटवडा नाही. उलट सावेडीतील विद्यार्थ्यास आज घरबसल्या जे ऐकावयास मिळते, ते पूर्वी मुंबईकरासही दुर्लभ होते. छोट्या बँडला अथवा लोकगीतांच्या पार्टीला आपले गाणे विक्रेत्याची मनधरणी न करता प्रसिद्ध करता येते. परंतु वेष्टनावर तबलजी कोण, संवादिनीवर कोण, हे वाचण्याची सवय श्रोत्याच्या अंगातून गेली. साथीदारास पुढील कार्यक्रमाचे बोलावणे येण्याचा एक मार्ग त्याबरोबर बुजला.

या प्रश्नास कायद्याचीही बाजू आहे. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात 1984 साली घातलेल्या कलम 52अ अन्वये ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे नाव, हक्कधारकाचे नाव आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे आवश्यक ठरले. साथीदारांच्या नावाची अट त्यात नाही. ते रूढीवर आणि प्रकाशकाच्या सौजन्यावर राहिले. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा अधिकार दृढ केला. पण कर्ता कोण, हेच नोंदलेले नसेल तर तो अधिकार बजावणे कठीण होते.

जुन्या तबकड्यांची नोंद ठेवण्याचे कार्य 1990 पासून मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने केले आहे. त्या काळाच्या अभ्यासकास निदान छापील चकती हाती लागते. मेमरी कार्डावरून कानी आलेल्या गाण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यास आवाज मिळेल. तो कोणाचा, हे मात्र त्यास त्या पिढीच्या स्मरणातूनच शोधावे लागेल, आणि ते काम ती पिढी हयात असेपर्यंतच करता येण्याजोगे आहे.