‘ताप’ या रकान्यातली माणसे

पणजीला मांडवीच्या काठावर आदिलशहाचा वाडा आहे. १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहू लागले, पुढे तेच सचिवालय झाले. नोकरीला लागलो त्या दिवसांत त्यावरून जाताना मला नेहमी गंमत वाटायची. विजापूरकर गेले, त्यानंतरचे पोर्तुगीजही गेले, पण नाव राहिले ते विजापूरकरांचेच! पुढे कळले की या आदिलशहाने असेच एक नाव पार तिकडे पैनगंगेच्या पलीकडेही ठेवले आहे. आदिलाबाद. तिथले लोक तरी गावाच्या नावाचा उगम असाच सांगतात. तर मंडळी, आज गोवा सोडून जरा लांब जायचे आहे, आणि विषयही थोडा जड आहे. सांभाळून घ्या.

माझ्या आतेबहिणीचे सासर किनवटचे. आज किनवट नांदेड जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. पण १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राजुराही तसाच. तो १९५६ साली आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपूरला. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण माणसांचे येणे-जाणे, सोयरिकी, बाजारहाट आहे तिथेच राहिले. २०२३ च्या डिसेंबरात ताईकडे गेलो होतो. बाजारात एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मध्येच गोंडी आणि बंजारा बोली. आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोकणी, मराठी, कन्नड कानावर येते ना, अगदी तसे.

रात्री जेवणे झाल्यावर ताईने तिच्या चुलतसासूबाईंची हकीकत सांगितली. मे २०२१. तीन दिवस ताप, मग धाप. भावोजींनी भाड्याची जीप करून त्यांना एका दवाखान्यात नेले. तिथे खाट नव्हती. दुसऱ्या ठिकाणी खाट होती, पण ऑक्सिजन नव्हता. तिसरीकडे जायचे म्हणजे सीमा ओलांडायची, आणि तोवर रात्र झाली होती. बाई म्हणाल्या, “आता मला घरी न्या.” पहाटे घरीच गेल्या. चार-पाच दिवसांनी नोंद करायला गेल्यावर विचारणा झाली, “काय झालं होतं त्यांना?” तपासणी झालेलीच नव्हती. भावोजी म्हणाले, “ताप होता.” तेच लिहिले गेले.

हे ऐकताना मी जरा चपापलो. त्याला कारण माझी नोकरी. काही वर्षे मी जन्ममृत्यूच्या नोंदींच्या टेबलावर काम केले आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची जी खबर द्यायची असते, त्या कागदाचे दोन भाग असतात. वरच्या भागात नाव, तारीख, ठिकाण. खालचा भाग आकडेवारीसाठी. त्यात मृत्यूच्या कारणाला डॉक्टरचा दाखला आहे का, आणि आजाराचे नाव काय, हे प्रश्न असतात. घरच्यांच्या हाती जे प्रमाणपत्र पडते त्यावर कारण नसतेच. कारण जाते वर, आकड्यांच्या ढिगात. आणि त्या ढिगावरूनच सरकारला कळते, कुठे काय कमी आहे.

‘ताप’ हा शब्द ऐकताच मला आठवले १९१८ साल.

माझे आजोळ सावंतवाडीकडचे. आईची आजी जुन्या गोष्टी सांगताना ‘मानमोडीच्या साली’ असे म्हणायची, असे आई सांगते. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. पहिले महायुद्ध संपत आले होते. जूनमध्ये मुंबई बंदरातून ही साथ देशात शिरली. पहिली लाट सौम्य होती. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात जी दुसरी आली तिने हाहाकार उडवला. मुंबईत ऑक्टोबरच्या ६ तारखेला एका दिवसात ७६८ माणसे गेली. रुग्णालये भरून वाहू लागली तेव्हा जातीजातींच्या संस्था आणि स्वयंसेवक पुढे झाले, त्यांनी तात्पुरते दवाखाने उघडले. साऱ्या हिंदुस्थानात किती माणसे दगावली याचे अंदाज सव्वा कोटीपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वयाची, हातीपायी धड माणसे फार होती. त्यातच त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते. अर्धपोटी माणसाला आजार लवकर धरतो.

मुंबईचे आकडे आपल्याला तारखेनिशी सांगता येतात. आदिलाबादचे काय?

तेव्हा हा मुलूख म्हणजे निजामाच्या राज्याचे उत्तर टोक. १९०५ साली स्वतंत्र जिल्हा झाला, मुख्य ठाणे आसिफाबादला. डोंगर, सागवानाचे रान, काळी जमीन, आणि पाड्यापाड्यांतून राहणारे गोंड, कोलाम, परधान. रेल्वे नव्हती. काझीपेठ-बल्लारशाह हा मार्ग पुरा झाला १९२९ साली. १९१८ मध्ये आगगाडी दक्षिणेला नांदेडपर्यंत आणि उत्तरेला वर्धा-वरोऱ्याकडे. मधल्या पट्ट्यात बैलगाडी आणि पाय.

एखाद्याला वाटेल, रेल्वे नाही म्हणजे साथही नाही. तसे नव्हते. साथ देशभर रेल्वेच्या रुळांवरून पसरली हे खरे, पण स्थानकावर उतरल्यावर ती थांबली नाही. तिला पुढे न्यायला आठवड्याचा बाजार होता, कापसाची गाडी होती, मजुरीवरून घरी परतणारा माणूस होता. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो आणि साथही ऐन भरात होती ती त्याच दिवसांत. पाड्यावर ती कोणी नेली हे लिहून ठेवलेले नाही, पण याच वाटांनी नेली असणार. रोगाला गावाची वाट नेहमीच सापडते. डॉक्टरला ती सापडेलच असे नाही.

आता नोंदींचे पाहा. शेजारच्या ब्रिटिश मुलखात, म्हणजे वऱ्हाड-मध्यप्रांतात, गावातले मृत्यू कोतवाल किंवा पाटील कळवायचा. रकाने ठरलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण वगैरे. इन्फ्लुएंझाचा रकाना कुठून असणार? बहुतेक मृत्यू ‘ताप’ मध्ये गेले. संस्थानी मुलखात तर मृत्यूनोंदणीच तोकडी होती. मग तिथे काय झाले हे कळले कसे? तीन वर्षांनी, शिरगणतीत. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९११ साली १ कोटी ३३ लाख ७४ हजार होती. १९२१ साली ती १ कोटी २४ लाख ७१ हजार भरली. वाढायची ती नऊ लाखांनी घटली. त्या दशकात दुष्काळ होता, प्लेग होता, पण मोठा घाव मानमोडीचा. माणसे जाताना कोणी मोजली नाहीत. उरलेली मोजल्यावर गेलेल्यांचा अंदाज आला.

त्यानंतरची वीसेक वर्षे या डोंगरांकडे सरकारने पाहिले ते जंगलाच्या आणि महसुलाच्या नजरेने. त्याचा शेवट १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम यांच्या लढ्यात आणि त्यांच्या मृत्यूत झाला. मग निजाम सरकारला जाग आली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने गोंडांमध्ये राहून त्यांची गाऱ्हाणी समजून घेतली. १९४२ पासून केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला. पुष्य अमावास्येला मेसराम कुळाचे गोंड गोदावरीचे पाणी पायी आणून देवाला घालतात. त्या जत्रेतच अधिकाऱ्यांनी येऊन बसायचे आणि लोकांनी आपले म्हणणे मांडायचे. मला या दरबाराचे मोल फार वाटते. लोकांनी कचेरीत यायचे नाही, कचेरीने लोकांकडे जायचे. आम्हा कारकून मंडळींना ही गोष्ट सहजासहजी सुचत नाही!

आता २०२० कडे येऊ. मार्चअखेर देश बंद झाला. नागपूर-हैदराबाद हमरस्ता आदिलाबादवरून जातो. हैदराबादहून आदिलाबाद सुमारे तीनशे किलोमीटर. त्या रस्त्याने उत्तरेकडचे मजूर डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाले. तेलंगणात आणि शेजारच्या विदर्भात अनेक गावांनी वेशीवर लाकडे आणि काटेरी फांद्या टाकून वाटा बंद केल्या. शहरातल्या लोकांना हे मागासलेपण वाटले असेल. पण वेशीबाहेर रोग थोपवायचा ही या मुलखाची जुनी समजूत आहे. मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडतात तो त्याच भावनेने. दवाखाना लांब असलेल्या माणसाने आणखी काय करायचे?

पहिल्या लाटेत वेस थोडीफार टिकली. दुसऱ्या लाटेत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि यवतमाळकडे रुग्ण झपाट्याने वाढले आणि तिथे पुन्हा निर्बंध आले. यवतमाळ म्हणजे आदिलाबादचा थेट शेजारी, मध्ये फक्त पैनगंगा. मे महिन्यात सारा देश धापा टाकत होता. १२ मेपासून तेलंगणात टाळेबंदी आली.

हा जिल्हा केवढा ते आपल्या मापाने सांगतो. २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. त्याआधीचा अखंड आदिलाबाद सुमारे १६ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे चार गोवे मावतील एवढा. २०११ ची लोकसंख्या २७ लाखांवर, आपली साडेचौदा लाख. एवढ्या मुलखात साथीच्या वेळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय एकच होते, आदिलाबादचे रिम्स, तेही २००८ चे. नदीपलीकडचे मराठी रुग्णही तिथेच येतात. पावसाळ्यात डोंगरातल्या मलेरियाने आणि हगवणीने तिथल्या खाटा एरवीही भरतात. तेव्हा साथीने रुग्णालयावर ताण आणला असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे. ताण आधीचाच होता, साथीने तो उघडा पाडला. दूरच्या पाड्यावरचा माणूस वाट पाहतो, गावातल्या विनापदवीच्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेतो, आणि धाप लागल्यावर निघतो. तो पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि त्याला लागते ती साधी खाट नव्हे तर ऑक्सिजनची.

त्यात सीमा आडवी. त्या मे महिन्यात तेलंगणाने आंध्रातून येणाऱ्या रुग्णवाहिका, खाट आधी ठरलेली नाही म्हणून, हद्दीवर अडवल्या. १४ मे रोजी तेलंगणा उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ताई सांगत होती, हे बातम्यांत पाहूनच सासूबाईंना रात्री सीमेपलीकडे न्यायचा धीर झाला नाही. तिकडे आसिफाबाद आणि चंद्रपूरच्या हद्दीवर तर डझनभर गावे अशी आहेत की त्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. मराठी बोलणारी माणसे, घरात दोन रेशनकार्डे, नाव दोन मतदारयाद्यांत. जिवंतपणी दोनदा मोजलेला माणूस मेल्यावर एकदा तरी मोजला जातो की नाही, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एक गोष्ट मात्र त्या महिन्यात चांगली झाली. तेलंगणात आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका घरोघरी जाऊन ‘कोणाला ताप आहे का’ असे विचारू लागल्या. ताप असेल त्याला चाचणीची वाट न पाहता तिथल्या तिथे औषधांची पिशवी दिली. याला तापाचे सर्वेक्षण म्हणत. १९१८ मध्ये ‘ताप’ हा शब्द माणूस गेल्यावर लिहिला गेला. इथे तो माणूस जिवंत असताना विचारला गेला. शब्द तोच, पण केवढा फरक! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला तो उगीच नव्हे.

तरी हिशेब अजून जुळलेला नाही. २०२० साली देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यांतल्या फक्त २२.५ टक्क्यांना कारणाचा डॉक्टरी दाखला होता. २०२० आणि २०२१ मिळून कोविडचे सरकारी मृत्यू ४ लाख ८० हजारांच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये काढलेला जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख. भारत सरकारला तो मान्य नाही. खरा आकडा कोणता हे मी कारकुनाने सांगायचे नाही. पण एवढे कळते की दोहोंच्या मधल्या अंतरात ताईच्या चुलतसासूबाई कुठेतरी आहेत.

आणि म्हणूनच ही निव्वळ कागदाची बाब नाही. रुग्णालय कुठे हवे हे नोंदींवरून ठरते. जो दवाखान्यात पोचला नाही तो नोंदीत नीट उतरत नाही, आणि नोंदीत उतरला नाही म्हणून त्याच्या गावाजवळ दवाखाना होत नाही. हे रहाट असेच फिरत राहते. साथीनंतर २०२२ मध्ये मंचेरियालला आणि २०२३ मध्ये निर्मल व आसिफाबादला वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. चांगलेच झाले. पुढच्या साथीच्या आत तिथे डॉक्टर आणि ऑक्सिजन दोन्ही असोत.

निघताना ताईने तो नोंदीचा कागद मला दाखवला. “काही बदलता येईल का रे यात?” तिने विचारले. कायद्याने दुरुस्ती होते, पण त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा दवाखान्यात असतो. मी तसे सांगितले. तिने कागद घडी घालून परत डब्यात ठेवला.

असो. मी आता त्या टेबलावर नाही. पण माझ्या जागी जो नवा मुलगा आला आहे त्याला मी एवढेच सांगितले, कोणी नुसते ‘ताप’ म्हणाले तर पेन लगेच टेकवू नकोस. किती दिवस होता, धाप होती का, कुठे नेले होते, हे दोन मिनिटे बसवून विचार. कागदावर जागा कमी असते, पण विचारायला काय हरकत आहे?